गणिताच्या गुणांसाठी दुसरा प्रयत्न : आधी चुकांची वही, मग अर्ज

रोहिणखेड (जि. बुलडाणा) : पदव्युत्तर प्रवेश परीक्षेत भाषेचे आणि तर्काचे गुण समाधानकारक, परंतु गणिताने घात केला, असा अनुभव दरवर्षी अनेक विद्यार्थ्यांच्या वाट्याला येतो. मोताळा तालुक्यातील रोहिणखेडसारख्या गावातून शेगाव, अमरावती अथवा पुण्याला जाऊन पदवी घेतलेल्या विद्यार्थ्यासाठी परीक्षेला पुन्हा बसणे ही खर्चिक बाब असते. परीक्षा शुल्क, मलकापूर स्थानकावरून मोठ्या शहरातील केंद्रापर्यंतचा प्रवास आणि प्रसंगी पूर्ण एक वर्ष पणाला लागते. त्यामुळे दुसऱ्या प्रयत्नाचा अर्ज भरण्यापूर्वी पहिल्या प्रयत्नात गुण नेमके कोठे गेले, हे तपासणे अगत्याचे ठरते.

परीक्षेनुसार नियम वेगळे

भारतीय व्यवस्थापन संस्थांची ‘कॅट’ वर्षातून एकदाच होते. २०२० पासून तिच्या प्रत्येक विभागाला ४० मिनिटे असतात. २०२४ मध्ये गणिताचे २२ प्रश्न होते, म्हणजे एका प्रश्नाला सुमारे १०९ सेकंद मिळाले. परदेशातील विद्यापीठांसाठीची ‘जीआरई’ २१ दिवसांच्या अंतराने, १२ महिन्यांत जास्तीत जास्त पाच वेळा देता येते. सप्टेंबर २०२३ पासून तिच्या गणिताचे दोन भाग आहेत : २१ मिनिटांत १२ आणि २६ मिनिटांत १५ प्रश्न. पहिला भाग कसा सोडविला यावर दुसऱ्या भागाची काठिण्यपातळी ठरते. गुण १३० ते १७० या श्रेणीत दिले जातात आणि ते पाच वर्षे ग्राह्य असतात. कोणत्या प्रयत्नाचे गुण पाठवायचे, हे विद्यार्थी ठरवू शकतो. राज्याच्या एमबीए सीईटीत मात्र १५० मिनिटांत २०० प्रश्न असतात, म्हणजे सरासरी ४५ सेकंदांना एक. तेथे वेगाला अधिक महत्त्व आहे.

चुकांचे चार प्रकार

एका वहीत चार रकाने आखावेत : संकल्पना ठाऊक नव्हती, प्रश्न नीट वाचला नाही, आकडेमोड चुकली आणि वेळ अपुरा पडला. ‘कॅट’नंतर मिळणारी स्वतःची उत्तरपत्रिका अथवा दोन-तीन सराव परीक्षा समोर ठेवून प्रत्येक चुकीची नोंद योग्य रकान्यात करावी. प्रत्येक प्रकारावरील उपाय निराळा आहे. संकल्पनेसाठी पाठ्यपुस्तक उघडावे लागते. वाचनातील चुकीसाठी प्रश्नात नेमके काय विचारले आहे, ते कच्च्या कागदावर प्रथम लिहिण्याची सवय लावावी. आकडेमोडीसाठी २५ पर्यंतचे वर्ग आणि अपूर्णांकांची शेकडेवारी पाठ करावी. वेळेसाठी घड्याळ लावून सराव करण्यावाचून गत्यंतर नाही. आकडेमोडीत चुकणाऱ्याने नव्या प्रकरणांच्या मागे धावल्यास श्रम वाया जातात.

मराठी पुस्तकांचा आधार

‘जीआरई’च्या गणितात त्रिकोणमिती आणि कलनशास्त्र नाही. अंकगणित, बीजगणित, भूमिती व सांख्यिकी यांतील बराच भाग शालेय पातळीचाच आहे. बालभारतीची सातवी ते दहावीची गणिताची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध असून मराठी माध्यमात शिकलेल्या विद्यार्थ्याने संकल्पना तेथूनच पक्क्या कराव्यात. क्रमपरिवर्तन, लॉगरिदम यांसाठी कनिष्ठ महाविद्यालयाचे पुस्तक घ्यावे. अडचण बहुधा इंग्रजी संज्ञांची असते. इंटिजर म्हणजे पूर्णांक, प्राइम म्हणजे मूळ संख्या, मीन म्हणजे मध्य, मीडियन म्हणजे मध्यक आणि मोड म्हणजे बहुलक, अशी यादी वहीच्या शेवटच्या पानावर करून ठेवल्यास प्रश्नाचा अर्थ लावण्यात वेळ जात नाही.

फसवे प्रश्न

क्विंटलला ७००० रुपये असलेला कापसाचा भाव २० टक्क्यांनी वाढला व नंतर २० टक्क्यांनी घसरला, तर तो मूळ भावावर येईल, असे घाईत वाटते. प्रत्यक्षात तो ८४०० रुपये होऊन ६७२० रुपयांवर येतो, म्हणजे चार टक्क्यांनी कमीच राहतो. दुसरी घट कोणत्या रकमेवर मोजायची, हे न पाहिल्याने चूक होते.

‘जीआरई’त दोन राशींची तुलना करण्याचे प्रश्न असतात. क्षची किंमत दिलेली नसताना क्षचा वर्ग मोठा की क्ष? क्ष २ असल्यास वर्ग मोठा, १/२ असल्यास क्ष मोठा आणि १ असल्यास दोन्ही समान. म्हणून ‘ठरविता येत नाही’ हेच उत्तर बरोबर. अशा प्रश्नात शून्य, एक, ऋण संख्या आणि अपूर्णांक घालून पाहावेत.

अंदाजाचेही गणित

‘कॅट’मध्ये बरोबर उत्तराला तीन गुण मिळतात, तर पर्यायी प्रश्नातील चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो. चार पर्यायांतून डोळे मिटून निवड केल्यास दीर्घकाळात लाभ शून्य. एक पर्याय निश्चितपणे बाद करता आला, तर मात्र प्रत्येक प्रश्नामागे सरासरी १/३ गुणाचा फायदा संभवतो. ‘जीआरई’ आणि एमबीए सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नसल्याने तेथे एकही प्रश्न कोरा सोडू नये.

आठ आठवड्यांची आखणी

पहिला आठवडा चुकांच्या छाननीला द्यावा. पुढील तीन आठवडे कच्च्या संकल्पनांना द्यावेत व त्या काळात घड्याळ बाजूला ठेवावे. पाचव्या व सहाव्या आठवड्यात प्रकरणवार वेळ लावून सराव करावा. अखेरच्या दोन आठवड्यांत पूर्ण लांबीच्या चार सराव परीक्षा द्याव्यात आणि प्रत्येक परीक्षेनंतरचा दिवस केवळ चुका तपासण्यासाठी राखावा. तीच उदाहरणे चार दिवसांनी न पाहता पुन्हा सोडविता आली, तरच ती आली असे समजावे. ‘कॅट’ व ‘जीआरई’त पडद्यावर साधे गणकयंत्र मिळते. सरावही त्यावरच करावा.

पुन्हा बसावे का?

ज्या अभ्यासक्रमाला प्रवेश हवा आहे, त्याची अपेक्षा आणि आपले गुण यांतील अंतर प्रथम पाहावे. ‘जीआरई’त एक-दोन गुणांचा चढउतार तयारीत फरक नसतानाही होऊ शकतो. तेवढ्यासाठी पुन्हा शुल्क भरण्याऐवजी अर्जाच्या इतर बाजू बळकट केलेल्या बऱ्या. अंतर मोठे असेल आणि चुका दुरुस्त होण्याजोग्या असतील, तर दुसरा प्रयत्न अवश्य करावा. ‘जीआरई’ची तारीख मात्र लागोपाठच्या तीन सराव परीक्षांत अपेक्षित गुण मिळाल्यावरच घ्यावी. वर्षातून एकदाच होणाऱ्या परीक्षांत ही मुभा नसते, म्हणून तेथे चुकांची वही निकालाच्या आठवड्यातच उघडलेली बरी. या वहीला शहरातील महागडा क्लास लागत नाही. ती रोहिणखेडच्या घरी बसूनही लिहिता येते.