वार्धक्य, भूक आणि अंतःस्राव

१८८९ च्या जून महिन्याच्या पहिल्या तारखेस पॅरिस येथील जीवशास्त्र-मंडळापुढें ७२ वर्षांच्या एका विद्वानानें आपल्याच देहावर केलेला प्रयोग निवेदन केला. शार्ल ब्राऊन-सेकार हें त्यांचें नांव. क्लोद बर्नार यांच्या मागून कॉलेज द फ्रान्समधील अध्यापकपद त्यांच्याकडे आलें होतें. कुत्रा व गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क टोचून घेतल्यापासून हातांत बळ आलें, तासन्‌तास काम करतां येऊं लागलें, कोठाही साफ होऊं लागला, असें त्यांचें म्हणणें. पाण्यांत काढलेल्या त्या अर्कांत खरें द्रव्य नांवापुरतेंच असणार, हें पुढें उघड झालें. आलेलें बळ बहुधा मनाचेंच होतें. तथापि रक्तांतून हिंडणाऱ्या कांहीं द्रव्यांचा वार्धक्याशीं संबंध असावा, हा त्यांचा तर्क मात्र टाकाऊ नव्हता.

१९०२ सालीं लंडनमध्यें बेलिस व स्टार्लिंग या जोडीनें तसलें एक द्रव्य आंतड्यांत शोधून काढलें, आणि १९०५ सालीं स्टार्लिंगनें अशा द्रव्यांसाठीं ‘हार्मोन’ हा शब्द वापरला. त्यालाच मराठींत संप्रेरक म्हणतात.

भुकेचें कोडें मात्र उलगडलें तें उंदरांमुळें. अमेरिकेंत मेन संस्थानांतील बार हार्बर येथें जॅक्सन प्रयोगशाळा आहे. तेथें १९४९ सालीं कांहीं पिलें अतोनात लठ्ठ होतांना आढळलीं. अशीच दुसरी एक जात १९६६ सालीं नोंदली गेली. डग्लस कोलमन यांनीं शस्त्रक्रियेनें दोन दोन उंदरांचीं शरीरें अशीं जोडलीं कीं, एकाचें रक्त दुसऱ्यांत जावें. पहिल्या जातीचा उंदीर दुसरीच्या उंदराशीं जोडतांच त्यानें अन्न सोडलें व तो उपासानें मेला. जोडीदार मात्र पूर्वीसारखाच खात राहिला! यावरून कोलमन यांनीं अनुमान काढलें कीं, ‘पुरे’ असें सांगणारें कांहीं तरी रक्तांत असतें. पहिल्या जातीला तें बनवितां येत नाहीं, आणि दुसरी तें भरपूर बनविते, परंतु तिला तें ऐकूं येत नाहीं. हें अनुमान खरें ठरण्यास १९९४ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं न्यूयॉर्क येथील जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेस तें द्रव्य बनविणारें जनुक सांपडलें. ‘लेप्टिन’ असें नांव पावलेलें हें द्रव्य चरबींतूनच स्रवतें. ज्या चरबीस लोक निव्वळ ओझें समजत होते, तीच मेंदूला आपल्या सांठ्याचा हिशेब कळवीत असते.

म्हाताऱ्या माणसाचा हा हिशेब चुकतो कसा? त्याच १९९४ सालीं बोस्टन येथें सुझन रॉबर्ट्‌स व त्यांचे सहकारी यांनीं कांहीं तरुण व कांहीं वृद्ध पुरुषांना तीन आठवडे मुद्दाम अधिक किंवा कमी खावयास घातलें आणि मग मोकळें सोडलें. उपाशी ठेवलेल्या तरुणांनीं आपण होऊन अधिक खाऊन वजन भरून काढलें. ज्यांना फार खाऊं घातलें होतें ते आपोआप कमी खाऊं लागले. वृद्धांना दोन्हीही साधलें नाहीं. आजारपणांत उतरलेलें आजोबांचें वजन पुढें महिनोन्‌महिने कां भरत नाहीं, याचा उलगडा येथें बराचसा होतो. घरोघर मात्र त्यांच्या मिताहाराचें कौतुक होत असतें!

या वार्धक्यांतील अरुचीस मॉर्ली व सिल्व्हर यांनीं १९८८ सालींच शास्त्रीय नांव दिलें होतें. आपल्या वैद्यांचा ‘अग्निमांद्य’ हा शब्द तिच्या बराच जवळ जातो. तिचीं कारणें एकाहून अधिक आहेत. स्निग्ध पदार्थ आंतड्यांत पोंचले म्हणजे कोलेसिस्टोकायनिन नांवाचें तृप्तिकारक संप्रेरक सुटतें. ऑस्ट्रेलियांतील संशोधकांना १९९९ सालीं वृद्धांच्या रक्तांत तें उपाशीपोटींसुद्धां तरुणांपेक्षां अधिक आढळलें. म्हाताऱ्या उंदरांवर लेप्टिनचा परिणामही मंदावतो. शिवाय जठर सावकाश रिकामें होतें, आणि चव व वास मंदावतात, ते निराळेच.

यांतील कांहीं ज्ञान व्यवहारांतही उतरलें आहे. वृद्धांना पातळ पूरक आहार जेवणाबरोबर न देतां तासभर आधीं दिल्यास दिवसाचें एकूण पोषण वाढतें, असें २००२ सालीं दिसून आलें. कारण पातळ पदार्थ जठरांतून लवकर पुढें सरकतो आणि ताट समोर येईपर्यंत पोटांत पुन्हां जागा झालेली असते.