पाथची कुळकथा: जळगावची फाइल, धुळ्याचे मशीन

जळगावात विंडोजवर लावलेले पुस्तक एरंडोल-पारोळा करत धुळ्यातल्या लिनक्सच्या मशीनवर पोहोचते आणि पहिल्याच कंपाइलला टेक् हा अक्षरजुळणीचा प्रोग्राम अडून बसतो: फाइल सापडत नाही. फाइल तर समोर दिसत असते. प्रकरणे आहेत, नकाशा आहे, फॉन्टही सोबत आणलेला आहे. चुकलेला असतो तो पाथ, म्हणजे काय कुठल्या फोल्डरात शोधायचे हे सांगणारी एक ओळ. गणिताचा प्रबंध किंवा अहिराणीचा शब्दसंग्रह टेक्वरच उभारलेल्या लाटेक्मध्ये लावायला घेतला, की या ओळीशी गाठ पडतेच. दोष लावणाऱ्याला दिला जातो, आणि तो बहुतेक वेळा त्याचा नसतो. त्या ओळीतल्या चार खुणा, स्लॅश, बॅकस्लॅश, कोलन आणि सेमिकोलन, वेगवेगळ्या घराण्यांतून आल्या आहेत आणि त्यांची सोयरीक कधी नीट जुळलेलीच नाही.

फोल्डरात फोल्डर ठेवण्याची रीत १९६०च्या दशकात मल्टिक्स या यंत्रणेने रुळवली. तिथे एका पायरीवरून पुढच्या पायरीवर जाताना ‘>’ ही खूण लिहीत. मल्टिक्समधून बाहेर पडलेल्या बेल लॅब्जच्या केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स रचले, त्यात या जागी साधा स्लॅश आला. अनेक पाथ एका ओळीत द्यायचे तर युनिक्समध्ये मधे कोलन टाकतात. आयबीएमच्या पीसीबरोबर १९८१ मध्ये आलेल्या पहिल्या डॉसमध्ये मात्र फोल्डरच नव्हते. १९८३च्या डॉस २.० मध्ये ते आले, तोवर स्लॅश आज्ञांच्या पर्यायांसाठी खर्ची पडला होता. फाइलींची यादी आडवी हवी असेल तर ‘डिर’ या आज्ञेपुढे स्लॅश देऊन डब्ल्यू लिहायची सवय लोकांना लागून गेली होती. म्हणून फोल्डरसाठी बॅकस्लॅश घेतला. कोलनही मोकळा नव्हता, कारण सीपी-एम या आधीच्या यंत्रणेकडून वारशाने आलेल्या ड्राइव्हच्या अक्षरामागे तो बसला होता. मग अनेक पाथ तोडायला उरला सेमिकोलन. मॅकिंटॉशने तिसरीच वाट धरली आणि फोल्डरांच्या मधेच कोलन घातला. २००१ मध्ये मॅक ओएस टेन युनिक्सच्या पायावर उभी राहिली, तेव्हा तिकडेही स्लॅश आला. यातली कुठलीही निवड मूर्खपणाची नव्हती. ज्याच्या हाताशी जे चिन्ह उरले होते ते त्याने घेतले.

आता टेक्चे घराणे. डोनाल्ड क्नूथ यांच्या ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती निघत होती. १९७७ मध्ये फोटोटाइपसेटिंगची प्रुफे हाती आली आणि ती त्यांना इतकी कुरूप वाटली, की अक्षरजुळणीचा प्रोग्राम स्वतःच लिहायला ते बसले. पुढे त्यांनी तो सगळा नव्याने लिहून काढला. आज आपण वापरतो तो टेक् हाच. त्याच्या मूळ संहितेत फाइलच्या नावांचा भाग येतो तिथे क्नूथ सरळ लिहितात, की ही चिंतेची बाब आहे, कारण प्रत्येक यंत्रणेची आणि प्रत्येक गटाची नावे देण्याची पद्धत वेगळी. त्यांनी नावाचे तीन तुकडे मानले: जागा, नाव आणि शेपूट. नमुन्यादाखल जो नियम दिला त्यात जागा संपल्याची खूण ‘>’ किंवा कोलन अशी आहे. टॉप्स-२० सारख्या त्या काळच्या यंत्रणांची ही धाटणी. स्लॅश तिथे कुठेच नाही. इनपुट फाइली आणि फॉन्टच्या मापांच्या फाइली कुठे शोधायच्या, त्याची दोन ठरावीक नावेही त्यांनी तिथेच लिहून ठेवली, आणि हे सगळे स्थानिक माणसाने आपल्या मशीनप्रमाणे बदलून घ्यावे असे सांगितले.

बदल कसा करायचा, यात त्यांची खरी दूरदृष्टी दिसते. मूळ संहितेला हात लावायचा नाही. शेजारी एक वेगळी फाइल ठेवायची, तिला चेंज फाइल म्हणतात. तिच्यात ‘मूळच्या या ओळी काढा, या घाला’ एवढेच लिहायचे. त्यामुळे टेक् सगळीकडे एकच राहिला आणि पाथ मात्र जिथला तिथला झाला. पाथचा सगळा घोळ इथून सुरू होतो हे खरे. पण क्नूथ यांनी आपल्याच मशीनची पद्धत सगळ्यांच्या गळ्यात बांधली असती, तर विंडोजवर किंवा लिनक्सवर टेक् पोहोचणे फार अवघड झाले असते. त्यांनी ती जागा मोकळी सोडली हेच बरे केले.

एक गोष्ट मात्र त्यांनी पक्की केली आणि तिची ठोकर विंडोजवाल्यांना आजही लागते. टेक्मधल्या प्रत्येक आज्ञेची सुरुवात बॅकस्लॅशने होते. काही वर्षांनी डॉसने नेमके तेच चिन्ह फोल्डरसाठी उचलले. एक्स्प्लोररमधून कॉपी केलेला ‘चित्रे\नकाशा’ असा पाथ लाटेक्मध्ये चिकटवला, तर ‘नकाशा’ ही एखादी आज्ञा आहे असे टेक्ला वाटते. म्हणून संहितेच्या आत, मशीन विंडोजचे असले तरी, ‘चित्रे/नकाशा’ असेच लिहायचे. विंडोजवरचा टेक् ते मुकाट्याने समजून घेतो.

युनिक्सवर टेक् पसरला तो सीमध्ये रूपांतर होऊन. त्या कामातून कार्ल बेरी यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला पाथ शोधण्याचे एक स्वतंत्र सॉफ्टवेअर-ग्रंथालय वेगळे काढले, त्याचे नाव केपाथसी. आज टेक् लाइव्ह या टेक्च्या तयार संचात फाइल शोधण्याचे काम तेच करते. त्याला सांगायची ओळ अगदी जवळून पाहण्यासारखी आहे. ‘टेक्सइनपुट्स’ या चलाची किंमत धुळ्याच्या लिनक्सवर अशी लिहितात:

.:/होम/पुस्तके//:

जळगावच्या विंडोजवर तीच ओळ अशी होते:

.;सी:/पुस्तके//;

सुरुवातीचा टिंब म्हणजे सध्याचे फोल्डर. दुहेरी स्लॅश म्हणजे या फोल्डराच्या पोटात जितकी फोल्डरे असतील तितकी सगळी धुंडाळ. आणि शेवटचा कोलन किंवा सेमिकोलन, ज्याच्यापुढे काहीच लिहिलेले नाही, तो सगळ्यात मोलाचा. त्या रिकाम्या जागेचा अर्थ ‘यानंतर तुझे नेहमीचे पाथ घाल’ असा आहे. तो विसरला तर टेक्ला आपली पुस्तके सापडतात, पण त्याच्या स्वतःच्या पॅकेजेसपैकी एकही सापडत नाही. सगळा टेक् पुन्हा इन्स्टॉल करायला बसण्याआधी ही शेवटची खूण तपासावी.

दुहेरी स्लॅशची सोय महाग होती, कारण हजारो फाइली दर वेळी चाळायला डिस्कला वेळ लागे. त्यावर उपाय म्हणून सगळ्या फाइलींची यादी एकदाच करून ठेवण्याची रीत आली. टेक् लाइव्हमध्ये ती यादी ‘टेक्सहॅश’ चालवून ताजी करतात, मिकटेक् या दुसऱ्या संचात फाइलनावांचा डेटाबेस रिफ्रेश करतात. नवे पॅकेज टेक्च्या फोल्डरांच्या मुख्य झाडात टाकले, पण यादी ताजी केली नाही, तर ते तिथे असून नसल्यासारखे. घरच्या खात्यातल्या ‘टेक्सएमएफ’ फोल्डराला हा नियम लागू नाही, म्हणून विद्यार्थ्याने स्वतःच्या स्टाइल फाइली तिथेच ठेवाव्यात. लिनक्सवर हे फोल्डर थेट होममध्ये असते, मॅकवर लायब्ररीच्या आत, आणि टेक् लाइव्ह असलेल्या विंडोजवर वापरकर्त्याच्या नावाच्या फोल्डरात.

झाडाच्या आत काय कुठे ठेवायचे, हे जगभरच्या टेक् वापरणाऱ्यांनी १९९५ मध्ये ठरवले. जागतिक टेक् यूजर्स ग्रुपच्या समितीने केलेल्या त्या आराखड्यात फॉन्ट, मॅक्रो, दस्तऐवज यांची घरे नेमून दिली. सीडीवर आणि डॉसवरही हे झाड जसेच्या तसे मावावे, म्हणून फोल्डरांची नावे आठ अक्षरांत बसवली. त्यांतली तोकडी, तुटकी नावे आज विचित्र दिसतात त्याचे हे कारण. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरातल्या हस्तलिखितांचा दाखला अभ्यासक बाडाचा क्रमांक देऊन देतात. क्रमांक त्या मंदिरातल्या संग्रहापुरताच खरा असतो, म्हणून लेखात आधी ‘धुळे’ लिहावे लागते आणि मग बाड. टेक्च्या झाडाचे तसेच आहे: आतली मांडणी सगळीकडे सारखी, फक्त झाडाचे मूळ कुठल्या डिस्कवर आहे तेवढे प्रत्येक मशीनला सांगायचे.

मराठी या झाडात आली ती आधी आडवाटेने. फ्रान्स वेल्थुइस यांनी १९९१ मध्ये ग्रोनिंगेनहून टेक्साठी देवनागरी अक्षरे आणि रोमनमध्ये टाइप केलेला मजकूर रूपांतरित करणारा ‘देवनाग’ हा प्रोग्राम दिला. खानदेशातल्या डीटीपीच्या दुकानांत मात्र टेक्पेक्षा पेजमेकर आणि श्रीलिपी, आकृती, आयएसएम हेच चालले. तिथेही दुखणे तेच, फॉन्ट सोबत नाही गेला तर दुसऱ्या मशीनवर मॅटरच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा दिसायचा, कारण त्या फॉन्टांत देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेले असत. युनिकोड आणि जोनाथन क्यू यांचे झीटेक्, २००४ मध्ये मॅकवर आणि पुढे लिनक्स-विंडोजवर आलेले, यांनी हा फास सोडवला. मजकूर आता सुरक्षित राहतो. फॉन्टचा पाथ तेवढा उरला. नावाने मागितलेला फॉन्ट प्रत्येक यंत्रणा आपल्याच जागी शोधते, म्हणून माझे मत ठाम आहे: आयआयटी मुंबईतून आलेला मोफत शोभिका किंवा जो काही फॉन्ट असेल, त्याची फाइल पुस्तकाच्याच फोल्डरात ठेवावी, आणि फॉन्टस्पेक पॅकेजला ‘पाथ’ या पर्यायात त्याच फोल्डरापासूनचा पत्ता द्यावा. लिपी देवनागरी आणि भाषा मराठी हेही तिथेच सांगावे, म्हणजे ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे उमटतात.

फाइलीच्या नावांचे काय? सातपुड्याच्या दऱ्यांचा नकाशा ‘दऱ्या’ याच नावाने ठेवावा असे कोणाला वाटले, तर त्यात काही गैर नाही. पण हा ‘ऱ’ युनिकोडमध्ये एकसंध अक्षर म्हणून लिहिता येतो, ‘र’ला नुक्ता देऊन लिहिता येतो, आणि त्या शब्दातला अर्धा ‘र’ तर हलन्तामागे एक अदृश्य जोडचिन्ह घालूनही उमटतो. कीबोर्ड बदलला की प्रकार बदलतो, आणि पडद्यावर तिन्ही ‘दऱ्या’ हुबेहूब सारख्या दिसतात. मॅकच्या एचएफएस प्लस डिस्का तर कित्येक वर्षे एकसंध ‘ऱ’ स्वतःहून फोडून ‘र’ आणि नुक्ता असाच साठवत. ते फोल्डर झिप करून लिनक्सवर उघडले, की संहितेतली ‘दऱ्या’ आणि डिस्कवरची ‘दऱ्या’ या दोन वेगळ्या फाइली ठरतात, कारण लिनक्स नावाचा आकार पाहत नाही, त्यामागचे आकडे पाहते.

रोमनवाल्यांना असाच त्रास मोठ्या-छोट्या अक्षरांचा होता. विंडोज दोन्ही एकच मानते, लिनक्स मानत नाही. २०१८च्या टेक् लाइव्हमध्ये केपाथसीने त्यावर तोड काढली: हुबेहूब नाव सापडले नाही, तर अक्षरांचा लहानमोठेपणा सोडून पुन्हा शोधायचे. ‘ऱ’साठीही शोधण्याआधी दोन्ही नावे एका रूपात आणणे हा त्याच जातीचा बदल आहे, आणि जोडचिन्हाच्या प्रकाराला एक जादा नियम लागेल एवढेच. केपाथसीची संहिता सर्वांना खुली आहे. विद्यापीठातल्या संगणकशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थ्याला पदव्युत्तर प्रकल्पासाठी हा विषय घेता येईल. तोवर, मनाविरुद्ध का होईना, मी चित्रांच्या फाइलींची नावे छोट्या रोमन अक्षरांत आणि मधे जागा न सोडता ठेवायला सांगेन.