जलप्रलयाची कथा आणि गाळाची साक्ष

धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात त्याचा उल्लेख आहे. तेरणाकाठच्या तिथल्या पांढरीच्या टेकाडांत सातवाहनकालीन वस्तीचे थर साचलेले आहेत. माणूस जिथे राहतो तिथे राख, खापऱ्या, हाडे, विटांचे तुकडे मागे राहतात. पुराचा थर निराळा असतो: बारीक, स्वच्छ, बहुधा खापर नसलेला गाळ. हा फरक ओळखता आला, तर जलप्रलयाच्या कथाही तपासून पाहता येतात.

शतपथ ब्राह्मणात मनूची नाव मासा ओढून नेतो. १८७२ मध्ये जॉर्ज स्मिथ यांनी मेसोपोटेमियाच्या मातीच्या विटांवर अशीच कथा वाचली. पुढे १९२९ च्या सुमारास लिओनार्ड वुली यांना ऊर येथे स्वच्छ गाळाचा जाड थर सापडला आणि ‘प्रलयाचा पुरावा मिळाला’ असा गाजावाजा झाला. परंतु जवळच्याच एरिडू येथे तसा थर मिळाला नाही. शुरुप्पक येथे मिळाला, पण तो ऊरच्या थरानंतर कित्येक शतकांनी साचलेला. म्हणजे पूर खरे होते. पण ते वेगवेगळ्या काळांतले, त्या त्या नदीपुरते होते. सारे जग एकदम बुडाल्याचा पुरावा नाही.

इतरही कारणे सुचवली गेली आहेत. सुमारे २०,००० वर्षांपूर्वीच्या हिमयुगानंतर बर्फ वितळून समुद्राची पातळी जवळजवळ १२० मीटर वाढली आणि किनारे पाण्याखाली गेले. मात्र याला हजारो वर्षे लागली. काळा समुद्र सुमारे ७,५०० वर्षांपूर्वी एकाएकी भरला, असे रायन आणि पिटमन यांनी १९९७ मध्ये मांडले. त्यावर अजून वाद आहे.

मग कथेत ‘सारे जग’ का बुडते? सप्टेंबर २०२५ मध्ये परांडा तालुक्यात लोकांना नौकांनी आणि हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. घराच्या छतावर बसलेल्याला दिसते तेवढेच त्याचे जग, आणि ते पाण्यात असते. बालाघाटाच्या एका अंगाचे पाणी सीनेतून भीमेला, तर दुसऱ्या अंगाचे तेरणेतून मांजरेला जाते. डोंगरावर एकच पाऊस पडला, तर दोन खोऱ्यांत दोन पूर येतात. दोन्हीकडे कथा मात्र एकच सांगितली जाईल: सगळीकडे पाणीच पाणी होते.

‘प्रलय खरा की खोटा?’ असे विद्यार्थ्याने विचारले, तर ‘सगळे थोतांड’ म्हणणे जितके चुकीचे, तितकेच ‘विज्ञानाने सिद्ध झाले’ म्हणणेही. कोणता पूर, कुठे, केव्हा आणि त्याचा गाळ कुठे आहे, हे विचारायला शिकवावे. उन्हाळ्यात वर्गाला ओढ्याच्या कापलेल्या काठाशी न्यावे, थर मोजून वहीत काढायला लावावेत, आणि गावातल्या म्हाताऱ्यांना पाणी कुठवर आले होते ते विचारून घ्यावे. ती खूण पुढचे घर कुठे बांधू नये, हेही सांगते.