कण्याची चित्रे काढणारा डॉक्टर

आपण बोलताना पाठीच्या कण्याला फार मान देतो. शेतकरी देशाचा कणा, असे म्हणतो. जो कोणापुढेही वाकतो त्याला कणाच नाही, असेही म्हणतो. पण हा कणा आहे तरी कसा, हे आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष हाताळून शिकायला केव्हा आरंभ केला, ही हकीकत फारशी कोणी सांगत नाही.

तसे पाहिले तर हे ज्ञान आपल्याला परके नव्हते. सुश्रुताने सांगून ठेवले आहे की प्रेत गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून संथ वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवावे आणि मग वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंचीने हळूहळू खरवडून एकेक थर पाहावा. त्याने हाडे 300 मोजली. आज मोठ्या माणसाची हाडे 206 मानतात. सुश्रुताच्या मोजणीत दात आणि कूर्चाही होत्या. पुढे मात्र प्रेताला शिवणे म्हणजे विटाळ, हा विचार बळावला आणि वैद्याचा हात पोथीवरच राहिला.

1845 साली मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई हॉस्पिटल आणि त्याला जोडून ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. तेथे शिकायचे तर शवविच्छेदन करणे भाग होते. घरी काय सांगायचे, परतल्यावर स्नान करून तरी घरात घेतील का, हे प्रश्न त्या पोरांना नक्कीच पडले असतील. तरी ती टिकली. 1851 साली पहिली तुकडी उत्तीर्ण झाली. तीत गोव्यातील मांद्र्याचे भाऊ दाजी लाड होते आणि पुढे प्रार्थना समाजाचे पहिले अध्यक्ष झालेले आत्माराम पांडुरंग होते.

या कॉलेजात 1858 साली एक सत्तावीस वर्षांचा इंग्रज डॉक्टर शरीररचनाशास्त्र शिकवायला आला. त्याचे नाव हेन्री व्हॅन्डाइक कार्टर. वैद्यकीचा विद्यार्थी जगात कोठेही असो, 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' हे नाव त्याच्या कानावरून गेलेले असतेच. त्या ग्रंथाचा मजकूर हेन्री ग्रे यांचा. पण त्यातली 363 चित्रे या कार्टरने काढली. लंडनमध्ये सुमारे दीड वर्ष दोघांनी मिळून शवविच्छेदन केले. कार्टर चित्र लाकडी ठोकळ्यावर उलटे काढी, म्हणजे छापल्यावर ते सुलटे उमटे. शिवाय भागाचे नाव त्या भागावरच लिहिलेले. विद्यार्थ्याला आकडा बघून तळटीप हुडकायला नको. माझ्या मते पुस्तक टिकले ते यामुळेच.

अस्थींच्या प्रकरणात ग्रंथ आधी कण्याकडे वळतो. कण्यात 33 मणके: मानेत 7, छातीमागे 12, कमरेत 5, त्याखालचे 5 एकजीव झालेले आणि शेवटचे 4 बहुधा तसेच. वरच्या मणक्यांमध्ये कूर्चेच्या लवचीक चकत्या असतात. दिवसभर वजन पडून त्या किंचित दबतात, म्हणून माणूस सकाळी जितका उंच असतो तितका रात्री नसतो. गुरुजींनी मुलांना मोजून पाहायला लावावे. लालबाग-परळच्या गोदामांतून पाठीवर पोती वाहणाऱ्या माथाडी कामगाराच्या या चकत्यांनी काय सोसले असेल, ते त्याची कंबरच सांगेल!

छातीमागच्या 12 मणक्यांना बरगड्यांच्या 12 जोड्या. वरच्या 7 पुढे उरोस्थीला स्वतंत्रपणे जोडलेल्या, पुढच्या 3 वरच्या बरगडीच्या कूर्चेला टेकलेल्या आणि शेवटच्या 2 पुढून मोकळ्या. बादलीची आडवी पडलेली कडी उचलून पाहा, ती वर येताना बाहेर सरकते. श्वास घेताना बरगड्या अशाच उचलल्या जातात, खालचा स्नायूंचा पडदा खाली जातो, छाती रुंदावते आणि हवा आपोआप आत येते. हवा शिरते म्हणून छाती फुगते, असे पुष्कळांना वाटते. क्रम उलटा आहे.

ग्रंथ बाहेर पडला तेव्हा कार्टर मुंबईत होता. मुखपृष्ठामागच्या पानावर ग्रे यांचे नाव ठळक. कार्टरचे त्याखाली, लंडनच्या इस्पितळातील 'पूर्वीचा' शिक्षक म्हणून. मुंबईच्या प्राध्यापकपदाचा त्यात पत्ता नाही. ग्रे यांना खपाप्रमाणे मोबदला ठरला होता. कार्टरला एकदाच 150 पौंड मिळाले. ग्रे 1861 साली देवीने वारले. कार्टर तीस वर्षे इकडेच राबला. साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता. महारोग, पायाला होणारा बुरशीचा रोग आणि पुनःपुन्हा उलटणारा ताप यांवर त्याने ग्रंथ लिहिले. 1888 साली तो निवृत्त झाला आणि 1897 साली क्षयाने वारला.

कार्टरचे नाव निदान बारीक अक्षरांत तरी छापले गेले. ज्यांच्या देहांवरून ती चित्रे निघाली त्यांचे एकही नाव कोठे नाही. इंग्लंडात 1832 च्या कायद्याने बेवारशी गरिबांची प्रेते विद्यालयांना मिळत. आपल्याकडे मुंबई राज्यात असा कायदा 1949 साली झाला. त्याआधी, 1926 साली, परळला के.ई.एम. हॉस्पिटल आणि सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज उघडले. शिकवणारे सारे हिंदीच असावेत, अशी देणगीदारांची अट होती. आता पुष्कळ माणसे जिवंतपणीच देहदानाचा अर्ज भरून ठेवतात. अर्जावर जवळच्या नातलगांच्या सह्या असलेल्या बऱ्या, कारण मागाहून प्रेत कॉलेजला पोचवायचे काम त्यांनाच करावे लागते.