ॲ ला नंबर मिळाला २००८ साली

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण सुरुवात एका बगपासून करतो. कारण हा इतिहास मी वाचला तो त्या बगमुळेच.

एका पतसंस्थेच्या जुन्या सॉफ्टवेअरमधला डेटा नव्या वेब ॲपमध्ये आणायचं काम माझ्याकडे होतं. डेटा आला, टेस्ट पास झाल्या, सगळे खूश. दुसऱ्याच आठवड्यात फोन. कऱ्हाडे आडनावाचे एक आजोबा ठेव पावती घेऊन काउंटरवर उभे आहेत आणि कॉम्प्युटर म्हणतोय, या नावाचा सभासदच नाही. यादी स्क्रोल केली तर नाव समोर दिसतंय, सर्चमध्ये टाइप केलं की शून्य. आजोबा त्या दिवशी पैसे न घेता घरी गेले. डेटा आणणारी स्क्रिप्ट माझी होती.

रात्री दोन्ही 'कऱ्हाडे' सुटे करून पाहिले. दिसायला अगदी सारखे, पण आतले आकडे वेगळे! एकात ऱ आणि हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर, म्हणजे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह.

हे असं का, ते समजायला १९९१ पर्यंत मागे जावं लागतं. त्या वर्षी भारतीय लिप्यांसाठीचं इस्की हे भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झालं, आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावरून उचलली. इस्कीमागची कल्पना मला आजही हुशारीची वाटते: सगळ्या भारतीय लिप्यांना एकच क्रमवारी, म्हणजे मल्याळममधला क आणि देवनागरीतला क एकाच खणात. पण सगळ्यांची मिळून एक यादी करायची, तर काही अक्षरं शेजाऱ्यांसाठीही ठेवावी लागतात. ऱ हा असाच. देवनागरीत तो मुळात द्राविडी भाषांमधला वेगळा र लिहिण्यासाठी आहे, तमिळमधला ற आठवा. आपल्या 'दऱ्या'मधला अर्धा र, ज्याला इंग्रजीत पापणीच्या केसासारखा र म्हणतात, तो काढायला इस्कीने हाच ऱ वापरला. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून जे दाबलं की येतो तो हा.

१९९६ च्या युनिकोड २.० मध्ये मात्र हाच आकार काढायची वाट होती र, हलन्त आणि जॉइनर. पुढे इस्कीशी जुळवून घेताना ऱ ची वाट मुख्य झाली, पण जुनी बंद केली नाही, कारण तोवर ती वापरून मजकूर लिहिला गेला होता. सुसंगततेसाठी दोन्ही चालू. माझ्या स्क्रिप्टने जुनी वाट धरली, काउंटरवरच्या ताईंच्या कीबोर्डने नवी. बस्स, एवढंच.

आता ॲ. पहिल्या युनिकोडमध्ये ए वर चंद्र असलेला ऍ होता, तो हिंदीच्या सोयीचा. मराठी माणूस अ वर चंद्र देतो, त्याला जागाच नव्हती! म्हणून लोकांनी अ टाइप करून पुढे चंद्राची मात्रा दिली. पण स्वरावर मात्रा चढवलेली कितीतरी सॉफ्टवेअरना खपत नसे, मध्येच ठिपक्यांचं वर्तुळ उमटायचं. मग त्यावर उपाय म्हणून कुणी मध्ये जॉइनर घुसवला. शेवटी २००८ मध्ये युनिकोड ५.१ आलं आणि ॲ ला स्वतःचा क्रमांक मिळाला, ०९७२. पहिल्या आवृत्तीनंतर सतरा वर्षांनी. तोवर मराठी विकिपीडिया जवळपास पाच वर्षांचा झाला होता. आता 'ॲप' हा आपल्याच धंद्यातला शब्द वेबवर चार प्रकारे लिहिलेला सापडतो, आणि कॉम्प्युटरच्या लेखी हे चार वेगळे शब्द आहेत.

तुम्ही म्हणाल, नॉर्मलायझेशन लाव की. मीही तेच म्हटलं होतं. एनएफसी लावलं की र आणि खालचा नुक्ता मिळून ऱ होतो, इथपर्यंत ठीक. पण जॉइनरवाला र आणि ऱ यांना युनिकोड एक मानत नाही. ॲ आणि अ अधिक चंद्र यांनाही नाही. आणि हे पुढे बदलणारही नाही, कारण एकदा प्रसिद्ध झालेल्या अक्षरांचं नॉर्मलायझेशन बदलायचं नाही, असं धोरणच आहे. राग येतो, पण धोरण बरोबर आहे. आज जे दोन शब्द वेगळे आहेत ते उद्याच्या अपडेटनंतर एक झाले, तर जगभरातले डेटाबेस कोलमडतील.

मग मी आणखी एक शहाणपणा केला. सर्चच काय, साठवलेल्या डेटातूनही सगळी न दिसणारी चिन्हं काढून टाकली. इंटरनेटवर हाच सल्ला ढिगाने मिळतो, आणि इंग्रजीपुरता तो चालतोही. मराठीत जॉइनर काढला की अर्धा र उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो. दऱ्यांचा दर्या होतो. आचाऱ्यांना द्यायचे पैसे आचार्यांना जातात. आजोबांचं पासबुक छापून आलं, त्यावर 'कर्हाडे'. ते त्यांनीच मला दाखवलं, चष्मा कपाळावर सरकवून. ओरडले नाहीत. "आडनाव तेवढं नीट करा," एवढंच म्हणाले.

नशिबाने बॅकअप होता. आता नियम साधा ठेवलाय. मजकूर आत येतानाच र, हलन्त, जॉइनर असं दिसलं की ऱ आणि हलन्त करायचं. अ वर चंद्राची मात्रा दिसली, मध्ये जॉइनर असो वा नसो, की ०९७२. सर्चच्या शब्दावरही तेच. त्यानंतरच एनएफसी. सगळं मिळून वीस-एक ओळींचा कोड असेल. ऍ ला मात्र हात लावलेला नाही. हिंदी नावंही त्याच टेबलात आहेत, आणि तिथे तो बरोबर आहे.

कऱ्हाडे आजोबांचं नाव आता दोन्ही वाटांनी सापडतं. पत्त्याच्या रकान्यात हे सगळं करायचं अजून बाकी आहे.