अजगर : यवतमाळच्या जंगल-शिवारातील महाकाय, पण बिनविषारी रहिवासी

यवतमाळ जिल्ह्यात शेताच्या बांधावर, नाल्याकाठी वा विहिरीत अजगर दिसला, की बघता बघता गर्दी जमते. 'वीस फुटांचा', 'माणूस गिळणारा' अशी वर्णने कानोकानी पसरतात. या गोंधळात एखादी काठी उगारली गेली, तर कायद्याने संरक्षित असलेल्या एका बिनविषारी सापाचा हकनाक बळी जातो. त्यामुळे हा साप प्रत्यक्षात केवढा असतो, कुठे राहतो आणि शिवारात का येतो, हे समजून घेणे अगत्याचे ठरते.

नाव आणि जाती

संस्कृतात 'अज' म्हणजे शेळी. शेळी गिळणारा तो अजगर. महाभारताच्या वनपर्वात शापित नहुष राजा अजगर होऊन भीमाला विळखा घालतो, ही कथा प्रसिद्धच आहे. भारतात अजगराच्या तीन जाती आढळतात : भारतीय अजगर, ब्रह्मी अजगर आणि जाळीदार अजगर. यवतमाळसह संपूर्ण महाराष्ट्रात निसर्गतः आढळतो तो भारतीय अजगर. स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियस यांनी १७५८ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. 'पायथन मोलुरस' हे त्याचे आजचे शास्त्रीय नाव.

आकार किती?

पूर्ण वाढलेला भारतीय अजगर सर्वसाधारणपणे तीन मीटर, म्हणजे सुमारे दहा फूट लांब असतो. साडेतीन मीटरपेक्षा मोठे अजगर क्वचितच दिसतात. सुमारे ४.६ मीटर (पंधरा फूट) लांबी आणि पन्नास किलोच्या आसपास वजन ही या जातीची वरची मर्यादा मानली जाते. मादी नरापेक्षा मोठी असते. जुन्या पुस्तकांत याहून मोठे आकडे आढळतात, त्याचे एक कारण वर्गीकरणात आहे. ब्रह्मी अजगर हा आकाराने मोठा असलेला साप २००९ पर्यंत भारतीय अजगराचीच उपजात मानला जात होता. जगातील सर्वांत लांब साप असलेला जाळीदार अजगर भारतात केवळ ईशान्येकडे व निकोबार बेटांवर आढळतो. इंडोनेशियात २०१७ पासून प्रौढ माणसांना गिळल्याच्या ज्या घटना घडल्या, त्या या जाळीदार अजगराच्या आहेत. त्यांचा दोष यवतमाळच्या अजगरावर लादण्यात अर्थ नाही.

विस्तार आणि अधिवास

पाकिस्तानातील सिंधू खोऱ्यापासून भारत, नेपाळ, बांगलादेश आणि श्रीलंकेपर्यंत या जातीचा विस्तार आहे. पानझडी जंगल, खडकाळ टेकड्या, गवताळ माळ, दलदल, नदीखोरे असे नाना अधिवास त्याला चालतात. मात्र पाण्याचे सान्निध्य आणि लपण्याची जागा या दोन गोष्टी त्याला लागतातच. तो उत्तम पोहतो आणि झाडावरही चढतो. साळिंदराची सोडलेली बिळे, झाडांच्या ढोल्या, खडकांच्या कपारी ही त्याची घरे होत.

यवतमाळ जिल्ह्यात हे सारे उपलब्ध आहे. दक्षिणेला पैनगंगा, पूर्वेला वर्धा, आणि मध्ये बेंबळा, अडाण, अरुणावती, पूस या नद्यांची खोरी. पांढरकवडा परिसरातील टिपेश्वर अभयारण्य सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे आहे, तर उमरखेडकडील पैनगंगा अभयारण्य त्याच्या दुपटीहून मोठे. सागाच्या जंगलाला लागूनच कापूस, तूर आणि सोयाबीनची शेते सुरू होतात. या शेतांत उंदीर, घुशी, ससे असतात. भक्ष्य जिकडे, तिकडे अजगर, हे साधे गणित त्याच्या शिवारात येण्यामागे आहे. पुराच्या पाण्यानेही तो बिळाबाहेर पडतो.

आहार आणि प्रजनन

अजगर दबा धरून शिकार करतो. ओठांवरील उष्णतासंवेदी खाचांमुळे त्याला अंधारातही उष्ण रक्ताच्या प्राण्याची चाहूल लागते. उंदीर, घूस, ससा, पक्षी, हरणाचे पाडस, क्वचित कोल्हा हे त्याचे भक्ष्य. संधी मिळाल्यास कोंबडी किंवा शेळीचे करडूही तो पकडतो. विळखा घालून तो भक्ष्याचा श्वास कोंडतो, अशी समजूत होती. अमेरिकेतील डिकिन्सन महाविद्यालयातील संशोधकांनी २०१५ मध्ये बोआ सापावर केलेल्या प्रयोगात मात्र विळख्यामुळे भक्ष्याचा रक्तप्रवाहच थांबतो, असे दिसून आले. मोठे भक्ष्य गिळल्यावर अजगर कित्येक आठवडे काही खात नाही.

मीलन हिवाळ्यात होते आणि उन्हाळ्यात मादी अंडी घालते. अंड्यांभोवती वेटोळे घालून ती सुमारे दोन महिने बसते. स्नायूंची थरथर करून ती स्वतःचे तापमान वाढवते आणि अंडी उबवते. सापांमध्ये ही क्षमता विरळाच. पावसाळ्याच्या सुमारास दीड-दोन फुटांची पिल्ले बाहेर पडतात.

अजगर की घोणस?

सर्वाधिक धोका आहे तो येथेच. अजगराचे पिल्लू समजून अत्यंत विषारी घोणस हाताळण्याची चूक जीवघेणी ठरू शकते. घोणसच्या अंगावर साखळीसारख्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन ओळी असतात, खवले खरखरीत असतात आणि डिवचल्यास ती कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार टाकते. अजगराचे खवले गुळगुळीत व चकचकीत, अंगावरील पट्टे वेडेवाकडे, तर डोक्यावर बाणाच्या टोकासारखी खूण असते. तथापि, सामान्य माणसाने खात्री करून घेण्यासाठीही जवळ जाऊ नये. दंश झाल्यास मांत्रिकाकडे वेळ न दवडता थेट रुग्णालय गाठावे.

संरक्षण आणि दक्षता

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत अजगराचा समावेश आहे. त्याला मारणे, पकडणे वा बाळगणे हा तीन ते सात वर्षे कारावासाचा गुन्हा आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत ही जात 'संकटाच्या उंबरठ्यावर' या वर्गात मोडते. कातड्यासाठी झालेली शिकार, अधिवासाचा ऱ्हास आणि रस्त्यांवरील वाहने ही त्यामागील कारणे होत.

शेतात अजगर दिसल्यास गर्दी हटवावी, जनावरे व मुले दूर ठेवावीत आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. पोट फुगलेल्या अजगराला तर मुळीच हलवू नये; घाबरल्यास तो गिळलेले भक्ष्य ओकून टाकतो. बहुतेक वेळा मोकळी वाट मिळाली, की तो स्वतःहून निघून जातो. आणि शेताचे नुकसान करणाऱ्या उंदीर-घुशींची संख्या आटोक्यात ठेवणारा हा विनामोबदला राखणदार शिवारात टिकणे शेतकऱ्याच्याही हिताचेच आहे.