पैशा-पैशाची पेढी

६४ माणसं मिळून एक रुपया. पैसा फंडाचा हिशोब इथून सुरू होतो. तेव्हा रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे. दर माणशी वर्षाला एकच पैसा मागायचा आणि त्यातून देशी उद्योग उभा करायचा, ही अंताजी दामोदर काळे यांची कल्पना. म्हणजे हजार रुपयांना ६४ हजार देणारे हवेत! लोणावळ्यात मी बँकेत कॅशियर होते. चिल्लर मोजून बोटं काळी पडतात, चळती लावल्याशिवाय मेळ बसत नाही. त्यामुळे त्या आकड्यामागचे कष्ट मला दिसतात. एवढ्या लोकांपुढे कुणीतरी हात पसरला, प्रत्येकाला पटवलं.

लोकांच्या पैशाची पेढी म्हटलं की मला आणखी एक जुनी पेढी आठवते. लोकांच्या ठेवींना शहरानेच जामीन राहायचं, हे बार्सिलोनाने १४०१ साली केलं. सराफ बुडाला की ठेवीदारही बुडायचा. 'तौला दे कान्वी' या सरकारी पेढीमागे मात्र सगळं शहर उभं होतं. तिथला पैसा शहराच्या कर्जापायीही वापरला जाई.

पैसा फंडाला असा कुणी जामीन नव्हता. व्याज नाही, दिलेला पैसा परत मागायची सोय नाही. तरी मी त्याला लोकांची पेढीच म्हणेन. टिळकांनी तो उचलून धरला आणि १९०८ साली आमच्या मावळात, तळेगाव दाभाड्याला, त्यातून काचेचा कारखाना निघाला. बांगड्या, कंदिलाच्या काचा परदेशातून येत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. कारखाना सांभाळायला आले ईश्वरदास वार्ष्णेय. जपानमध्ये आणि अमेरिकेत एमआयटीत शिकलेले.

माल काढायचा, तशीच माणसंही तयार करायची होती. पोकळ लोखंडी नळीच्या टोकावर तापलेल्या काचेचा गोळा घ्यायचा, फुंकताना नळी सतत फिरवत राहायचं. हात थांबला की गोळा एका अंगाला ओघळतो. हे भट्टीपुढे घाम गाळूनच येतं, आणि ते शिकवण्याचा खर्च त्या पैशांतून झाला, याचा मला फार अभिमान वाटतो.

तळेगावातच विष्णु गोविंद विजापूरकरांचं समर्थ विद्यालय होतं. राष्ट्रीय शिक्षणाची ती शाळा सरकारने १९१० साली बंद पाडली. कारखाना चालू राहिला. तिथे शिकलेले कारागीर पुढे ठिकठिकाणच्या काच कारखान्यांत गेले, आणि वार्ष्णेय यांनी संयुक्त प्रांतात बहजोईला स्वतःचा कारखाना काढला.